खंडेनवमीचे पंक्चर

वाहन चालवायला मी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी शिकलो आणि लिहायला त्याहूनही उशिरा बसलो आहे, तेव्हा या दोन्ही बाबतींत माझ्याकडून सफाईची अपेक्षा कोणी ठेवू नये. महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवत असे. आधारविधानांवरून निष्कर्ष कसा काढावा आणि मुख्य म्हणजे कसा काढू नये, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. तरीही जुनी पिकअप घेताना चार चकचकीत टायर पाहून गाडी उत्तम आहे असा जो निष्कर्ष मी काढला, तो पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकेत आढळला असता, तर मी त्याखाली लाल रेघ ओढली असती.

निवृत्तीनंतर मी तिसगावजवळच्या आमच्या गावी राहायला आलो. शेती माझा धाकटा भाऊ आणि भावजय पाहतात. माझ्या वाट्याला त्या घरात आदर पुष्कळ येई. काम मात्र येत नसे. खुरपायला बसलो, तर भावजय म्हणे, "दादा, तुम्ही सावलीत बसा." विहिरीवरची मोटार सुरू करायला निघालो, तर भाऊ म्हणे, "राहू दे, शॉक बसंल." अशा आदराने माणूस हळूहळू भिंतीवरच्या तसबिरीसारखा होतो. भावाचा माल दरवेळी भाड्याच्या टेम्पोतून नगरच्या बाजारात जातो हे मी पाहत होतो. आपली गाडी असावी आणि ती आपण चालवावी, म्हणजे आपणही या घराच्या काही उपयोगी पडू, असे माझ्या मनाने घेतले.

"गाडी बघायला मी येतो संगं," असे भाऊ म्हणाला होता. मी त्याला नेले नाही. आयुष्यात एक तरी व्यवहार आपण एकट्याने करावा, ही त्यामागची इच्छा. सुप्याला कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका तरुणाची पिकअप विकायची होती. त्याने बॉनेट उघडून दाखवले, मी मान डोलावली. त्याने इंजिन सुरू केले, मी पुन्हा मान डोलावली. मग त्याने टायरवर लाथ मारून म्हटले, "सर, टायर बघा. नवेकोरे. टायरवरनं गाडी कशी वापरलीय ते कळतं." हे विधान मला फार तर्कशुद्ध वाटले. टायरांच्या खाचांत बोट घालून मी त्यांची खोली पाहिली. माझ्या वाहनपरीक्षेचा आरंभ आणि शेवट एवढाच होता.

पहिल्या पंधरवड्यात त्या गाडीने मला जे शिकवले, त्याचा अभ्यासक्रम लांबलचक आहे. सकाळी ती ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. हॉर्न दाबला की वायपर फिरत आणि वायपर लावले की काहीच होत नसे. माझ्या बाजूचा दरवाजा आतून उघडत नसल्यामुळे काच खाली करून, हात बाहेर काढून, स्वतःला स्वतःच्या गाडीतून सोडवून घ्यावे लागे. तिसगावातल्या मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट उघडले आणि एखाद्या मयताच्या तोंडावरची चादर दूर करावी तसे आत पाहून विचारले, "कुनी हात लावला हुता हिला?" दुसऱ्या मेकॅनिकने पहिल्याविषयी हेच विचारले. या धंद्यात आधीच्या माणसाने केलेले काम चांगले होते असे म्हणणारा मनुष्य मला अद्याप भेटायचा आहे.

परंतु या सर्वांहून मला धसका बसला तो एका वाक्याचा. "सर, आता खोललंच हाय, तर हे बी करून घेऊ." सेल्फसाठी गाडी नेली, तर क्लच खोलला गेला. क्लच खोललाच आहे म्हणून मागचे काहीतरी खोलले गेले. दुपारी पाहावे तर माझी गाडी एका ताडपत्रीवर सुटी सुटी पसरलेली असे आणि मेकॅनिक जेवायला गेलेला असे. खोललेली गाडी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. "नको, एवढेच करा," हे तीन शब्द मी घरून पाठ करून निघत असे. प्रत्यक्षात तोंडातून "बरं" एवढेच येई.

तरीही टायर नवे होते. काहीही झाले तरी टायर नवे आहेत, असे मी स्वतःला सांगत असे.

एके दिवशी सकाळी एक छोटा टेम्पो अंगणात येऊन थांबला. त्यातून पन्नाशीचा एक गृहस्थ उतरला, त्याने अदबीने नमस्कार केला आणि तो म्हणाला, "सर, टायर न्यायला आलोय."

मला वाटले, पत्ता चुकला असेल. तो म्हणाला, "न्हाई, बरोबर हाय. गाडी तुमची, टायर माझे." त्याचे टायरचे दुकान होते. गाडीचे पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, आली की झिजलेले टायर चालत नाहीत. त्यामुळे त्याच्या दुकानातले चार बरे टायर त्या एका दिवसापुरते भाड्याने नेण्याची त्या भागात पद्धत होती. लग्नात नवरदेवाचा कोट फिरावा तसे ते टायर या गाडीवरून त्या गाडीवर फिरत. सुप्याच्या तरुणाने आपले टायर दुकानात ठेवून हे पासिंगसाठी नेले आणि परत करण्याऐवजी त्यांच्यासकट गाडी मला विकली. प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगाचा ठिपका होता. तो टायरवाल्याने मला दाखवला. येताना तो माझ्या गाडीचे मूळचे चार टायर घेऊन आला होता. मी त्यांच्यावरून बोट फिरवले. रेडकाच्या नाकासारखे ते गुळगुळीत होते.

मी सुप्याच्या तरुणाला फोन केला. तो जराही गडबडला नाही. "सर, टायर दाखवायला हुते, गाडी विकायला हुती. टायरचं वेगळं बोलनं झालं हुतं का आपलं?" आणि फोन बंद झाला.

टायरवाल्याला मी नकार देऊ शकलो असतो. दुसऱ्या एखाद्याने दिलाही असता. पण ठिपका पिवळा होता आणि मनुष्य खरे बोलत होता. मी गप्प राहिलेला पाहून त्याने जॅक लावला. मी त्याला नट ठेवायला घरातून ताटली आणून दिली, वर चहाही दिला. जाताना तो म्हणाला, "तुमच्यासारखी मानसं न्हाईत, सर." ही स्तुती होती की निदान, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

भाऊ त्या वेळी झेंडूच्या वावरात होता. संध्याकाळी परतल्यावर तो गाडीजवळ थांबला, खाली वाकला आणि म्हणाला, "दादा, टायर असेच हुते का?"

मी म्हणालो, "हो."

पुढे जे घडले त्याचे मूळ गाडीत नव्हते, त्या एका अक्षरात होते. मला वाटले, दसऱ्यानंतर गुपचूप टायर घेऊ. तेवढे दिवस हे निघतील. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो हातपाय धुवायला गेला.

त्या वर्षी त्याने एक एकर झेंडू केला होता. झेंडूचे गणित इतर पिकांसारखे नसते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो बाजारात पोहोचला तर सोने. दसऱ्याच्या दुपारनंतर त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. टायर गेल्यानंतरच, सणाच्या आठ दिवस आधी, नेहमीचा टेम्पोवाला विचारायला आला. मीच भावाच्या मागे लागलो. "घरची गाडी असताना भाड्याची कशाला?" त्याला ते पटले नव्हते, पण मोठ्या भावाचा शब्द त्याच्याने मोडवला नाही आणि त्याने टेम्पोवाल्याला नाही म्हणून कळवले. एका पिकाची सगळी मेहनत त्याने माझ्या भरवशावर सोडली होती, आणि तो भरवसा कोणत्या टायरांवर उभा आहे हे पुरते एकट्या मला ठाऊक होते.

खंडेनवमीला पहाटे आम्ही निघालो. भावजयीने गाडीला हळदकुंकू लावले, बॉनेटला माळ घातली आणि बजावले, "नारळ आल्यावर फोडू. आधी नीट जा." मागे पोत्यांचा डोंगर रचलेला होता. पहिले काही मैल मी चक्क आनंदात होतो. भाऊही थोडा सैलावून म्हणाला, "बरी चालती की." करंजी घाटाच्या अलीकडे मागून गोळी सुटल्यासारखा आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगाला बसली.

खाली उतरून पाहिले, तर डाव्या बाजूच्या मागच्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. स्टेपनी काढली. तिच्यात हवा नव्हती. महिनाभर गाडीचे सगळे अवयव खोलून झाले; स्टेपनीत हवा आहे का हे पाहण्याचे मात्र कोणालाही सुचले नाही, मला तर नाहीच. भाऊ गाडीपाशी थांबला आणि मी पुढे दिसणाऱ्या पंक्चरच्या दुकानाकडे निघालो.

पत्र्याच्या शेडसमोर दुकानदार अंघोळ करून, गंध लावून, धुतलेल्या कपड्यांत खुर्चीवर बसला होता. समोर धुतलेल्या पोत्यावर हातोडी, पाने, टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या, जॅक असे सगळे ओळीने मांडलेले होते. हवेच्या टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक होते. सणाच्या दिवशी, पूजेच्या तयारीत असलेल्या माणसाला काम कसे सांगावे, या विचाराने मी शेडच्या कोपऱ्यावर घुटमळलो. तोच म्हणाला, "या की. बसा. फुलांची वाट बघतोय. फुलवाला आलाच न्हाई अजून."

मला हायसे वाटले. काही मागण्यापूर्वी काही देता यावे, यासारखा भित्र्या माणसाला दुसरा आधार नाही. "फुलं माझ्याकडे आहेत," असे म्हणून मी लगबगीने परत गेलो, एक पोते सोडले, पिशवीभर टपोरी फुले भरून घेतली आणि त्याला आणून दिली. तो इतका खूश झाला की त्याने मलाच पूजेला उभे केले. एकेका पान्यावर एकेक फूल ठेवले गेले. टाकीला माळ चढली. उदबत्ती लागली, नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर आला. तो तोंडात टाकून मी म्हणालो, "आता तेवढं आमचं चाक बघता का? स्टेपनीत हवा नाही, आणि मागचा टायर फुटलाय."

त्याने माझ्याकडे फार करुणेने पाहिले.

"सर, आता? आता फूल वाहिलं की हो. उद्या सोनं वाटल्याशिवाय हत्याराला हात लावायचा न्हाई."

"पण माझं कामच ते होतं."

"मंग आदी न्हाई का बोलायचं! आदी बोलला असता तर पाच मिन्टात करून दिलं असतं, मंग पूजा केली असती. मी काय, फुलांसाठीच थांबलो हुतो."

मी गाडीकडे परत आलो. भावाने विचारले, "काय झालं?" मी सांगितले.

"तू त्याला फुलं दिली?"

"हो."

"आदी?"

"हो."

तो चाकाशी वाकला. मग त्या फाटक्या टायरवर हात ठेवून, माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, "दादा, खरं सांग. गाडी घेतली तवा हेच टायर हुते?"

तेव्हा, रस्त्याच्या कडेला, मी त्याला सर्व सांगितले. पासिंग, पिवळा ठिपका, ताटली, चहा. चहापर्यंत आलो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू आहे असे मला वाटले. पण ते हसू नव्हते.

"टायर गेले त्याचं काय न्हाई," तो म्हणाला. "मला त्या दिवशी बोलला असतास, तर मी टेम्पो सोडला नसता. येवढंच."

सात वाजून गेले होते. आमच्या गाडीच्या सीटखालून एक गंजका जॅक आणि एक आखूड पाना निघाला. भरलेली गाडी त्या जॅकला उचलेना, म्हणून आम्ही पोती खाली उतरवून रस्त्याच्या कडेला रचली. पंक्चरवाल्यालाही मनातून लागले असावे. तो आपली खुर्ची उचलून आमच्याजवळ घेऊन आला, तिच्यावर बसला आणि हाताची घडी घालून सूचना देऊ लागला. "जॅक तिथं न्हाई, पाट्याखाली घ्या. पाटा म्हंजे ते लांबडं. हां. सर, पाना उलटा धरलाय. नट खोलायचाय का आवळायचाय?" नट हलेना, तेव्हा म्हणाला, "पान्यावर उभे राहा. दोघं बी राहा." आम्ही दोन साठीच्या आसपासचे भाऊ एकमेकांचे खांदे धरून एका पान्यावर उभे राहिलो. नट हलला.

हवेचा प्रश्न त्यानेच सोडवला. त्याच्या घरात मोटरसायकलला हवा भरायचा एक पायपंप होता. "त्यो घरातला हाय, दुकानातला न्हाई. पूजेत धरला न्हाई त्याला." तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा भेद मला निर्दोष वाटला. फक्त त्या पंपाने पिकअपचे चाक भरायला किती वेळ लागतो, हे तर्काने कळत नाही, पायानेच कळते. मी शंभर मोजून थांबलो, की भाऊ पाय ठेवी. टायर तसाच्या तसा दिसे.

एवढ्यात एक नवीच आपत्ती उद्भवली. खंडेनवमीची सकाळ, रस्त्याच्या कडेला झेंडूचा ढीग. जाणारी-येणारी माणसे थांबू लागली. "काय भाव?" एका मोटरसायकलवाल्याने मला विचारले. मला भाव ठाऊक नव्हता आणि पंपावरच्या भावाला विचारायचा धीर होत नव्हता. मी म्हणालो, "आपल्याला योग्य वाटेल ते द्या." त्याने फूल नाकाशी नेले, उलटे करून पाहिले आणि बरोबरच्या बाईला म्हणाला, "शिळी दिसत्यात." ती दोघे निघून गेली. दुसऱ्याला मी पिशवी भरून देऊ लागलो तेव्हा पंपावरून भाऊ ओरडला, "दादा, अर्धी! अर्धी पिशवी! आन पैशे घे आदी!" तिसऱ्या गिऱ्हाइकाने माझ्याकडे निरखून पाहत विचारले, "तुम्ही सर ना? कॉलेजला होता?" मी हो म्हणालो. त्याने भाव केला नाही, आणि त्याचेच मला सर्वांत वाईट वाटले.

नगरला पोहोचायला अकरा वाजून गेले. बाजार सकाळी सातला तापला होता आणि आता उतरला होता. ज्यांचा माल वेळेवर आला होता ते चहा पीत बसले होते. आमच्या आडत्याने पोत्यात हात घातला आणि भावाला म्हणाला, "माल एक नंबर. पन कुठं हुता तुमी सकाळी?" भाऊ म्हणाला, "गाडी बसली." कोणाची गाडी, का बसली, हे त्याने सांगितले नाही. मी शेजारीच उभा होतो. माल गेला, जसा जायला हवा होता तसा गेला नाही. भावाने विक्रीच्या हिशोबाची पट्टी घेतली, दोन घड्या घालून खिशात ठेवली आणि आम्ही परत निघालो.

गाडी मी फारच सावकाश चालवत होतो. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवत पुढे जाई. शेवटी भाऊ म्हणाला, "राहिलेल्या झाडांची फुलं दिवाळीला निघतील. टेम्पोवाल्याला आत्ताच सांगून ठेवायला पायजे. सनाला मिळत न्हाई नंतर."

"सांग," मी म्हणालो.

"मी न्हाई. तू सांग. नको म्हनून सांगायला तू लावलं हुतं." त्याने नंबर लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

टेम्पोवाल्याने आवाज ओळखला. "बोला सर! पिकअप घेतली म्हनं. आमच्या पोटावर पाय का?" पलीकडे कोणीतरी हसले. गाडीचे काम निघाले आहे, असे वाक्य तयार होते. त्यात खोटे काहीच नव्हते. शेजारी भाऊ समोरच्या काचेतून सरळ पाहत होता.

"टायर खराब आहेत, हे मला माहीत होतं," मी म्हणालो. "मी घरात सांगितलं नाही. माल उशिरा पोचला. दिवाळीचा माल तुम्ही न्याल का?"

पलीकडचे हसणे थांबले. मग तो म्हणाला, "नेतो की. त्यात काय. पन सर, टायर घ्यायला जाल तवा भावाला संगं न्या बरं का. तुमच्या गळ्यात कुनी बी कायबी बांधंल."

फोनचा आवाज मोठा होता; भावाने सगळे ऐकले. त्याने फोन घेऊन खिशात ठेवला. मग त्याने दरवाजा उघडला, खाली उतरला, गाडीला वळसा घालून चारही चाकांना एकेकदा पाय लावून पाहिला आणि माझ्या बाजूला येऊन बाहेरून दार उघडले.

"सरक तिकडं," तो म्हणाला. "घरापत्तोर मी चालवतो."